दुकानाचा उंबरठा

प्रारंभींच एक कबुली देऊन टाकतों. आमच्या पेठेंत जोड्यांचें एक जुनें दुकान होतें. दुकान लहान, दोन बांकें, तीन आरसे आणि छपरापर्यंत रचलेलीं पुठ्ठ्याचीं खोकीं. मालक मजहून वयानें थोडे वडील. चार वर्षांपूर्वीं एका संध्याकाळीं मी तेथें गेलों. त्यांनीं स्वतः खालीं बसून माझे दोन्ही पाय मापाच्या पट्टीवर ठेवून पाहिले. माझा उजवा पाय डाव्याहून किंचित् मोठा आहे, ही बातमी मला वयाच्या साठाव्या वर्षीं त्यांच्याकडून कळली. सात-आठ खोकीं उघडलीं गेलीं. मधून चहा आला. अर्ध्या तासानें एक जोड पायांत चपखल बसला. तो घालून मीं दुकानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालून पाहिलें, खोक्यावरचा क्रमांक मनांत टिपला, ‘घरीं विचारून येतों’ असें सांगितलें आणि बाहेर पडलों. घरीं येऊन मुलाच्या मदतीनें तोच जोड मोबाईलवरून मागविला. २७० रुपये वांचले.

मालकांनीं जातांना ‘या पुन्हां’ एवढेंच म्हटलें होतें. त्यांना सर्व समजलें होतें, असें मला आतां वाटतें. ज्याचा जन्म लोकांचे पाय पाहण्यांत गेला, त्याला गिऱ्हाइकाचीं पावलें कोणीकडे वळणार हें कळत नसेल कशावरून? पुढच्या दिवाळीला त्या दुकानाच्या दारास कुलूप होतें. माझ्या २७० रुपयांनीं तें दुकान बुडालें असें मी म्हणत नाहीं. एवढें मोठेपण मी स्वतःकडे घेत नाहीं. परंतु तेव्हांपासून दुकान नेमकें कशानें बुडतें, हा प्रश्न मला स्वस्थ बसूं देत नाहीं. आज तुमच्यापुढें बोलावयाचें आहे तें त्याविषयींच.

या प्रश्नाचा शोध घेऊं लागलें कीं प्रथम अमेरिकेकडे पाहावें लागतें. कारण ही पडझड तेथें आपल्या आधीं झाली, आणि झाली ती मोठ्या प्रमाणावर. त्यांतही एका पेढीचा इतिहास मला फार उद्बोधक वाटतो. रिचर्ड सीअर्स हा मिनेसोटा राज्यांतील एका आडगांवच्या रेल्वे स्टेशनावरचा एजंट. १८८६ सालीं जवळच्या गांवच्या एका जवाहिऱ्यानें सोन्याच्या घड्याळांची आलेली पेटी सोडवून घेण्याचें नाकारलें. ती सीअर्सनें पत्करली आणि आपल्यासारख्याच इतर स्टेशनांवरील मंडळींच्या मार्फत त्या घड्याळांची विक्री केली. पुढच्या वर्षीं तो शिकागोस गेला, अल्व्हा रोबक नांवाच्या घड्याळजीला त्यानें हाताशीं धरलें, आणि १८९३ सालीं ‘सीअर्स, रोबक आणि कंपनी’ हें नांव पेढीस लागलें. आरंभीं या पेढीपाशीं दुकान नव्हतें. होतें तें एक सूचीपत्र. १८९५ पर्यंत तें पांचशें पानांहून मोठें झालें होतें. शिवणयंत्रें, चुली, बंदुका, पोशाख, वाद्यें, थडग्यावर बसवावयाचे दगड, आणि १९०८ पासून तर अख्खीं घरेंसुद्धां त्यांत असत. लांकडाची प्रत्येक पट्टी क्रमांक घालून आगगाडीनें येई आणि शेतकरी ती जोडून घर उभें करी. १९४० पर्यंत अशीं सुमारें ७० हजार घरें त्या पेढीनें विकलीं. प्रतिस्पर्धी पेढीच्या सूचीपत्रापेक्षां आपलें पुस्तक आकारानें थोडें लहान ठेवावें, म्हणजे आवराआवर करणारी गृहिणी साहजिकच तें दुसऱ्याच्या वर ठेवील, अशी युक्ति सीअर्सनें योजिली होती असें सांगतात. व्यापाऱ्याची बुद्धि कोठवर पोंचते याचा हा मासला आहे.

टपालानें माल मागविणें आपल्यालाही नवें नव्हतें. आपल्याकडे व्ही. पी. ची पद्धत १८७७ सालीं सुरू झाली, आणि माल हातीं पडल्यावर पैसे देण्याची जी सोय आज अपूर्व म्हणून जाहिरातींत मिरविते, ती आपल्या पणजोबांच्या चांगली परिचयाची होती. पुस्तकें, औषधें, बियाणें, सुगंधी तेलें हीं सारीं पोस्टमनच्या पिशवींतून येत. परंतु आपल्याकडे व्ही. पी. नें दुकान मोडलें नाहीं. अमेरिकेंत मात्र तसें होण्याचीं चिन्हें दिसूं लागलीं. १८९६ पासून तेथील टपालखातें खेड्यापाड्यांतून घरपोंच टपाल देऊं लागलें, १९१३ पासून पार्सलेंही दारांत येऊं लागलीं, आणि गांवोगांवचे दुकानदार हवालदिल झाले. ‘शिकागोचा पैसा शिकागोस जाईल, गांवची शाळा आणि गांवचा रस्ता कोण बांधील?’ असा त्यांचा आक्रोश होता. कांहीं गांवांत तर व्यापाऱ्यांनीं सूचीपत्रें गोळा करवून चवाठ्यावर त्यांची होळी केली. आज आपले दुकानदार जे बोलतात, त्यांतील फारच थोडें त्या दुकानदारांनीं बोलावयाचें शिल्लक ठेवलें होतें.

येथें त्या होळीविषयीं चटकन् हळहळ वाटण्याचा संभव आहे. म्हणून त्याच कथेची दुसरी बाजू सांगितली पाहिजे. अमेरिकेच्या दक्षिण भागांत निग्रो म्हणून हिणविलेल्या कृष्णवर्णीय शेतकऱ्याला गांवच्या दुकानांत काय अनुभव येई? सर्व गोऱ्या गिऱ्हाइकांचें आटोपेपर्यंत त्यानें ताटकळत उभें राहावयाचें, मग उरलासुरला हलका माल घ्यावयाचा, आणि भाव विचारावयाचा नाहीं. उधारी त्याच दुकानाची, म्हणून दुसरीकडे जाण्याची सोय नाहीं. सूचीपत्रांत मात्र रंग दिसत नव्हता. जो भाव गोऱ्याला तोच त्याला. कांहीं ठिकाणीं दुकानदारच पोस्टमास्तर असे आणि अशा माणसाला तो तिकिटें विकत नसे. तेव्हां सीअर्सच्या सूचीपत्रांत सूचना येई कीं, पत्र आणि पैसे टपालवाल्याच्या हातीं द्या, तिकीट तो लावील. मागणी तुम्हांला येत असेल त्या भाषेंत, सुचेल तशी लिहा, अशीही मुभा होती. यामागें धंद्याचेंच धोरण असेल. परंतु ज्याला दुकानाच्या पायरीवर मान खालीं घालावी लागे, त्याला त्या पुस्तकानें मान वर करून खरेदी करूं दिली, हें खोटें नाहीं.

आपण या बाबतींत अमेरिकेला नांवें ठेवण्याचें कारण नाहीं. ज्यांना उंबरठ्याबाहेर उभें राहावें लागे, ज्यांच्या नाण्यांवर पाणी शिंपडून तीं उचललीं जात आणि ज्यांच्या पदरांत माल वरून टाकला जाई, अशीं लाखों माणसें आपल्याच गांवांतून होतीं. दुकान म्हणजे जिव्हाळा, दुकान म्हणजे आपुलकी, असें आपण जेव्हां म्हणतों तेव्हां तो जिव्हाळा कोणाच्या वांट्यास आला होता, हेंही आठवावें. आणि उंबरठ्याच्या आंत ज्यांना मान होता, त्यांच्याही तक्रारी कांहीं थोड्या नव्हत्या. भेसळ, मापांत मारणें, टंचाईच्या दिवसांत माल दडवून ठेवणें यांना कंटाळूनच १९७५ सालीं मुंबई ग्राहक पंचायत निघाली, आणि शेजारपाजारच्या कुटुंबांचे संघ करून महिन्याचा माल एकत्र मागवूं लागली. मध्यमवर्गीय घरांनीं दुकानाकडे पाठ फिरविण्याचा तो एक संघटित प्रकारच होता. फक्त त्यांत दहा घरच्या माणसांना एकत्र येऊन डाळ-तांदूळ वांटून घ्यावे लागत.

आतां सीअर्सच्या कथेचा उत्तरार्ध. ज्या पेढीनें गांवोगांवच्या दुकानांना घाम फोडला, तिनेंच १९२५ सालीं शिकागोंत स्वतःचें पहिलें दुकान उघडलें. खेडुतांजवळ मोटारी आल्या होत्या आणि ते शहराकडे वळूं लागले होते. १९२९ अखेर तिचीं तीनशेंहून अधिक दुकानें झालीं, आणि १९३१ सालीं दुकानांतील विक्री टपालाच्या विक्रीपेक्षां वरचढ ठरली. १९७३ सालीं या पेढीनें शिकागोंत ११० मजल्यांचा मनोरा बांधला. पुढें पंचवीस वर्षें जगांत त्याहून उंच इमारत नव्हती. या उंचीवरून खालचें बरेंच कांहीं दिसेनासें झालें असावें. लहान गांवांच्या वेशीवर वॉलमार्टचीं स्वस्त आणि अवाढव्य दुकानें उभीं राहत होतीं, आणि १९९० च्या सुमारास वॉलमार्टनें विक्रींत सीअर्सला मागें टाकलें. मग काटकसर सुरू झाली. १९९३ च्या जानेवारींत पेढीनें जाहीर केलें कीं, आपलें सुप्रसिद्ध सूचीपत्र आतां बंद.

यापुढची तारीख मुद्दाम लक्षांत ठेवण्याजोगी आहे. १९९४ सालीं सिॲटलजवळ जेफ बेझोस यानें ॲमेझॉन ही कंपनी स्थापन केली, आणि १९९५ च्या जुलैमध्यें ती इंटरनेटवरून पुस्तकें विकूं लागली. घरबसल्या निवड करा, मागणी कळवा, माल दारांत येईल, हीच ती जुनी कल्पना. तिच्यासाठीं लागणारीं कोठारें, पत्त्यांच्या याद्या, शंभर वर्षांचा विश्वास, हें सारें ज्या पेढीपाशीं होतें तिनें तें मोडीत काढून दीड वर्षही झालें नव्हतें. १५ ऑक्टोबर २०१८ रोजीं सीअर्सनें दिवाळखोरीचा अर्ज केला. त्या वेळीं तिच्या आणि तिच्या भगिनी कंपनीच्या मिळून सातशेंच्या आसपास दुकानांचीं दारें उघडीं होतीं. पुढें उरलीं तीं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीं.

या घटनेचा अर्थ बहुतेक जण एकच सांगतात: इंटरनेटनें दुकान गिळलें. मला हा निकाल घाईचा वाटतो. ज्या वर्षीं सीअर्सचें दिवाळें निघालें, त्या वर्षीं अमेरिकेंतील किरकोळ विक्रीच्या दर दहा डॉलरांपैकीं इंटरनेटच्या मार्गानें जाणारा डॉलर सुमारें एकच होता. बाकीचे नऊ डॉलर दुकानांच्याच गल्ल्यांत पडत होते. मग दुकानें बुडलीं कां? सीअर्सचें पाहिलें तर असें दिसतें कीं, २००५ सालीं के-मार्ट या दुसऱ्या दुबळ्या पेढीशीं तिची मोट बांधली गेली, आणि त्यानंतर मालकांचें लक्ष दुकानांत नव्हतें, दुकानांखालच्या जमिनीवर होतें. दुरुस्तीचा खर्च आंखडला, नोकर कमी झाले, २०१५ सालीं कित्येक दुकानांच्या जागा वेगळ्या कंपनीच्या नांवें करून त्याच दुकानांकडून भाडें घेण्यास आरंभ झाला, २०१७ सालीं हत्यारांची नामांकित छापही विकून टाकली. टॉइज आर अस या खेळण्यांच्या प्रख्यात दुकानांची गोष्ट याहून स्पष्ट आहे. २००५ सालीं भांडवलवाल्यांनीं ती कंपनी कर्ज काढून विकत घेतली आणि तें पांच अब्ज डॉलरांहून अधिक कर्ज कंपनीच्याच डोक्यावर ठेवलें. खेळणीं विकून येणारा पैसा व्याजांत जाऊं लागला, आणि २०१८ च्या जूनमध्यें अमेरिकेंतील तीं सगळीं दुकानें मिटलीं. इंग्लंडांत वूलवर्थची पेढी १९०९ सालीं लिव्हरपूल येथें सुरू झाली होती; तिचीं ८०७ दुकानें ६ जानेवारी २००९ पर्यंत एकामागून एक बंद झालीं. तिच्या शंभरीचा समारंभ राहूनच गेला.

तेव्हां कर्ज, हयगय आणि जमिनीचा लोभ यांनीं भिंत आंतून पोखरली होती. इंटरनेटनें शेवटचा धक्का दिला. तथापि एवढ्यानें माझी सुटका होत नाहीं, कारण आमच्या पेठेंतील दुकानाला भांडवलवाल्यांनीं विकत घेतलें नव्हतें आणि त्याच्या जागेवर कोणी मनोरे रचले नव्हते. तेथें वेगळेंच कांहीं घडलें.

दुकानदार दोन वस्तु विकतो. एक जोडा, आणि दुसरी जोड्याविषयींचें ज्ञान. माल मांडून ठेवणें, दहा मापें शिल्लक बाळगणें, जाणता माणूस पगारावर ठेवणें, दिवे-पंखे चालू ठेवणें, गिऱ्हाइकाला हातांत घेऊन पाहूं देणें, या सर्वांचा खर्च होतो. परंतु त्याची पावती कधीं फाडली जात नाहीं. तो खर्च जोड्याच्या किंमतींत मुकाट्यानें मिसळलेला असतो. पूर्वीं हें चालून जाई, कारण ज्यानें पाहिलें तोच बहुधा घेई. आतां पाहण्याची क्रिया आणि घेण्याची क्रिया यांची फारकत झाली. पाहावें एका ठिकाणीं, घ्यावें दुसऱ्या ठिकाणीं. ज्यानें पाय मोजले त्याला कांहींच मिळालें नाहीं, आणि ज्यानें मोजले नाहींत त्याला पुरी किंमत मिळाली. मीं २७० रुपये वांचविले असें म्हटलें, तें खरें नाहीं. ते त्या वृद्ध गृहस्थांच्या अर्ध्या तासाचे होते आणि ते मीं दिले नाहींत. माझ्यासारखे दहा आले तरी दुकान तग धरील. परंतु पेठेंतील निम्मी माणसें माझ्यासारखीं झालीं, म्हणजे शेवटचा प्रामाणिक गिऱ्हाईक बाकी सर्वांचा खर्च किती दिवस सोसणार?

मुंबईंत पुस्तकांच्या आणि संगीताच्या दुकानांवर हा प्रसंग सर्वांआधीं आला, कारण तेथें पाहणें हाच खरेदीचा अर्धा आनंद. काळा घोडा येथील ऱ्हिदम हाऊस २०१६ सालीं बंद झालें. तेथें उभ्यानें तबकड्या ऐकून ज्यांचे कान तयार झाले, त्यांतील कितीकांनीं तबकड्या विकत घेतल्या होत्या हें त्यांचें त्यांना ठाऊक. फोर्टांतील स्ट्रँड बुक स्टॉल टी. एन. शानभाग यांनीं १९४८ सालीं एका सिनेमागृहांत लहानशा मांडणीवर सुरू केला आणि तो सत्तर वर्षें चालला. २०१८ सालीं त्याचीं दारें मिटलीं. दोन्ही वेळीं शेवटच्या दिवसांत तोबा गर्दी झाली, लोकांनीं छायाचित्रें घेतलीं, डोळे पुसले. अशा गर्दीचा मला थोडा राग येतो. आणि त्या गर्दींत मीही होतों.

आपल्याकडे आणखी एक कारण आहे, त्याची चर्चा कमी होते. शहरांतील जुनीं दुकानें पुष्कळदां पागडीच्या जागेंत, जुन्या भाड्यावर उभीं असतात. त्यांचा व्यवहार आजच्या भाड्यानें पाहिला तर एक महिनाही जमणार नाहीं. इमारतीची पुनर्बांधणी निघाली, कीं दुकानदाराच्या लक्षांत येतें, आपण विकतों त्या मालापेक्षां आपण बसतों ती गादी कितीतरी महाग आहे. घरांत मुलगा इंजिनियर, मुलगी परदेशीं. गादीवर बसावयाला कोणी नाहीं. मग एके दिवशीं तो जागा सोडतो, आणि खरें सांगावयाचें तर तो तोट्यांतही जात नाहीं. अशा ठिकाणीं दुकान मेलें असें म्हणण्यापेक्षां दुकानदार सेवानिवृत्त झाला असें म्हणणें योग्य.

किराणा दुकानाची गोष्ट मात्र निराळी आहे. त्याच्या मरणाचें भाकित गेलीं वीस वर्षें होत आलें. आधीं मोठ्या दुकानांनीं तें मरणार होतें, नंतर इंटरनेटनें. तें मेलें नाहीं, कारण तें वाकलें. २०१६ नंतर त्यानें मोबाईलवरून पैसे घेण्यास सुरुवात केली, फोनवर यादी घेतली, मुलाच्या हातीं पिशवी पाठविली. मार्च २०२० मध्यें टाळेबंदी झाली, तेव्हां मोठमोठ्या कंपन्यांच्या मोबाईलवर ‘तूर्त माल पोंचविणें शक्य नाहीं’ अशी पाटी झळकत होती, आणि आमच्या वाण्यानें अर्धें दार उघडून, तोंडाला फडकें बांधून, आम्हां सर्वांना गहू-तांदूळ दिले. आमच्या इमारतींत एक रिक्षावाले राहतात. दोन महिने त्यांची रिक्षा जाग्यावरून हलली नाहीं. त्यांचें नांव वाण्याच्या वहींत लिहिलें जात होतें आणि माल दिला जात होता. ही उधारी कोणत्या हिशेबावर दिली असें मीं नंतर वाण्याला विचारलें. तो म्हणाला, ‘वीस वर्षें बघतोय की त्यांना.’ मोबाईलही आपल्याला पाहत असतो, आपण काय घेतों हें वाण्याहून अधिक बारकाईनें टिपून ठेवतो. परंतु आपल्याजवळ पैसे नाहींत त्या दिवशीं त्याची ओळख मोडते. आतां दहा मिनिटांत घरीं माल आणून देणाऱ्या कंपन्या आल्या आहेत, आणि हा वाणीही प्रथमच चिंतेंत दिसतो. दूध, अंडीं, बिस्किटें या रोजच्या किरकोळ वस्तूंवर त्याच्या गिऱ्हाइकांची ये-जा अवलंबून असते. नेमकें तेंच येणें-जाणें आतां थांबूं लागलें आहे.

जोड्यांच्या त्या दुकानाची जागा वर्षभर रिकामी होती. नंतर एके दिवशीं तेथें पुन्हां वर्दळ दिसूं लागली. दर्शनी कांच काढून तेथें भिंत आली, दार सदैव अर्धें ओढलेलें, आणि बाहेर दुचाक्यांवर पाठीला मोठ्या पिशव्या लावलेलीं मुलें. दहा मिनिटांत माल पोंचविणाऱ्या एका कंपनीचें तें कोठार होतें. गेल्या पावसाळ्यांत एका संध्याकाळीं घरीं परततांना साखर संपल्याची मला आठवण झाली. पाऊस जोराचा होता. मीं त्या अर्ध्या दारांतून वाकून आंत पाहिलें. जेथें बांकें होतीं तेथें लोखंडी मांडण्या होत्या आणि साखरेच्या पुड्या मला समोर दिसत होत्या. एका मुलाला म्हटलें, ‘एक किलो साखर द्या.’ तो अगदीं नम्रपणें म्हणाला, ‘काका, इथं कुणाला आंत घेत नाहीं. मोबाईलवरून मागवा.’

मीं तेथेंच, उंबरठ्याबाहेर छत्री धरून, चष्मा पुसून, मोबाईलवर साखर मागविली आणि घराकडे चालूं लागलों. तीन जिने चढून वर आलों तों दारांत चपलांचे ओले ठसे होते, आणि सूनबाई विचारीत होती, ‘साखर तुम्ही मागवलीत का? मीं आत्तांच मागवली होती.’